पापणीचे पथ्य

मराठीत ‘पापणी’ हा शब्द मोठा सोशिक आहे. डोळ्यावरच्या झाकणालाही पापणी म्हणायचे आणि त्याच्या कडेच्या केसांनाही पापणीच. संस्कृतने ही कामे वाटून दिली आहेत. केसांना ‘पक्ष्म’, झाकणाला ‘वर्त्म’. वर्त्म म्हणजे वाटसुद्धा. पंचेचाळिशीच्या सुमारास माझ्या दोन्ही वर्त्मांची कातडी सैल होऊन पक्ष्मांवर टेकू लागली आणि हा भेद केवळ कोशातला उरला नाही.

पापणी उचलून धरण्याचे काम भुवया करू लागल्या. शेवटच्या तासापर्यंत कपाळ ठणकू लागे. पण तेवढेच कारण होते असे म्हणणे खरे नव्हे. वर्गात ‘मॅडम, बरं नाही का?’ असे विचारले जाई आणि मी तर ठणठणीत असे. आपण नसलेला थकवा आपला चेहरा जगाला सांगतो, हे मला सोसवत नव्हते. शस्त्रक्रिया ठरली तेव्हा सहकाऱ्यांनी विचारले, गरज म्हणून की हौस म्हणून? मोतीबिंदू काढणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचा इतिहास पाहू गेले तर सीमारेषा पुसटच दिसते. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचू लागतात, त्या ‘पक्ष्मकोपा’वर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात भुवईखालची जवाच्या आकाराची कातडी काढून जखम केसाने शिवण्याचा विधी आहे. ‘ब्लेफरोप्लास्टी’ हा शब्द १८१८ साली जर्मन शल्यविशारद कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी वापरला, तो कर्करोगात गेलेली पापणी नव्याने घडवण्यासाठी. आज त्याच नावाखाली सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया येते. व्याधी आणि रूप एकाच टाक्याने शिवले गेले आहेत.

शस्त्रक्रिया नाशिकला झाली. पापणीची मूळची घडी जिथे पडते तिथेच छेद घेतात, म्हणजे व्रण घडीत लपतो. आठवड्याच्या आत टाके निघाले. खरे पथ्य निराळेच होते. किमान दोन आठवडे लेन्स लावायची नाही, आणि पुढेही डॉक्टरांनी पाहिल्यावरच. कारण समजण्याजोगे होते. लेन्स घालता-काढताना पापणी ताणावी लागते, तो ताण कोवळ्या जखमेवर येतो. शिवाय सुजलेली पापणी काही दिवस पुरती मिटत नाही. डोळा कोरडा पडतो, आणि लेन्स तर अश्रूंच्या पातळ थरावरच तरंगत असते. वर्षानुवर्षे कडक लेन्स वापरल्याने पापणी उचलणारा स्नायुबंध सैल होऊन पापणी खाली येऊ शकते, हेही तेव्हाच कळले. सैल कातडी निराळी आणि खाली आलेली पापणी निराळी. म्हणूनच डॉक्टरांनी आधी दोन्ही तपासून पाहिले होते.

मला उणे नऊचा नंबर आहे. वीस वर्षे लेन्सच्या आड हा आकडा मी लपवून ठेवला होता. आता जाड भिंगांचा चष्मा बाहेर निघाला. उणे नंबरच्या भिंगामागे डोळे लहान दिसतात. डोळे मोकळे दिसावेत म्हणून एवढा खटाटोप केला, आणि वर्गात गेले ती बारीक डोळ्यांची बाई होऊन! मात्र त्याच भिंगांच्या जाड चौकटीने पापण्यांवरचे काळेनिळे डाग झाकले, हेही सांगायला हवे.

शिर्डीत राहून डोळ्यांचा विचार टाळता येत नाही. हे गावच पाहण्यावर उभे आहे. रांगेत तासन्‌तास उभा राहिलेला माणूस अखेर क्षणभर बघतो, आणि आपल्याकडेही बघितले गेले या समाधानाने बाहेर पडतो. समाधी मंदिरातील १९५४ सालची बाळाजी वसंत तालीम यांची संगमरवरी मूर्ती तशी घडलेली आहे खरी. श्रीसाईसच्चरिताच्या सातव्या अध्यायात डोळे सुजलेल्या एका भक्ताची कथा आहे. बाबांनी बिबे ठेचून त्याच्या गोळ्या डोळ्यांत घातल्या, वर पट्टी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून पाण्याची धार धरली. बिबा कातडी जाळतो, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. तेव्हा ही कथा श्रद्धेने वाचायची, अनुकरण करायचे नाही. माझ्या टाक्यांना कुणी उदी सुचवली, कुणी गाईचे तूप. मी उदी कपाळाला लावली आणि डोळ्यांत डॉक्टरांनी दिलेले थेंबच घातले.

तिसऱ्या आठवड्यात लेन्सची परवानगी मिळाली. डबी उघडून ठेवली आणि तरीही त्या दिवशी चष्म्यानेच वर्गात गेले. त्या पंधरवड्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीने आपला चष्मा दप्तरातून काढून डोळ्यांवर चढवायला सुरुवात केली होती. तोवर ती फळ्यावरचे शेजारणीच्या वहीतून उतरवून घेई. माझ्या पापण्यांची गरज किती आणि हौस किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. पण तिच्यासमोर एवढ्यात लेन्स लावून उभे राहावेसे वाटेना.