सॉफ्टनरची नळी

मुंबईस येणारें धरणांचें पाणी मुळांतच मृदु. आमच्या चारकोपच्या इमारतींत सॉफ्टनर बसवावा लागला तो कूपनलिकेच्या व टँकरच्या पाण्यामुळें. खाडी जवळ, तेव्हां पाण्याचा खारेपणाहि त्यानें जाईल अशी कित्येकांची समजूत असते, ती खोटी. हें यंत्र कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतें आणि त्यांच्या बदलीं सोडियम देतें, एवढेंच.

यंत्राची चौकशी सर्वांनीं केली. त्यास जोडावयाच्या दोन लवचीक नळ्यांची कोणींच नाहीं. दुकानदारानें पुढें केली ती वॉशबेसिनची अर्ध्या इंचाची नळी. बाहेरून जाडजूड, पण आंतील पोकळी करंगळीहूनहि बारीक! आम्ही राहतों अगदीं वरच्या मजल्यावर. गच्चीवरील टाकीचें पाणी आमच्या नळाहून सुमारें ३ मीटर उंच, म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरास जेमतेम ०.३ किलो. एवढ्याशा दाबाला तसली नळी म्हणजे धार बारीक होणारच. तेव्हां आंतून मोकळी, पाऊण इंचाची घेतली.

जाळी स्टेनलेस स्टीलचीच हवी, असा मीं हट्ट धरला. ॲल्युमिनियमची जाळीहि तशीच चकाकते. पण खाऱ्या हवेंत ती लवकर झिजते, आणि जाळी तुटली कीं आंतल्या रबरास आधार उरत नाहीं. नट पितळेचे घेतले. प्लास्टिकचे जास्त आवळल्यास चिरतात.

“एवढ्याशा नळीसाठीं केवढा हा खल!” असें घरांतून ऐकावें लागलें. परंतु ही नळी रात्रंदिवस दाबाखालीं असते. आम्ही कोंकणांत गेलों असतां ती फुटली, तर पाणी झिरपावयाचें खालच्या आजींच्या देवघरांत! म्हणून यंत्राच्या अलीकडे एक कॉकहि बसविला आहे; गांवीं निघतांना दाराला कुलूप लावण्यापूर्वीं तो बंद होतो.