फरशीखालची जमीन

मंगरूळपीरच्या आमच्या जुन्या घराला लाकडी माडी आहे. सागवानी तुळयांवर फळ्या, त्यांवर मातीचा थर आणि शेणाचे सारवण. आईची खोली तिथेच. सत्तरी ओलांडल्यावर तिला सारवण झेपेना, म्हणून मी टाइल्स बसवायचे ठरवले. दिवाळी तोंडावर होती. गवंडी म्हणाला, "डॉक्टरसायेब, आधी लाकूड पाहा लागते." मी म्हणालो, "माती काढा आणि मसाला टाका." चार दिवसांत खोली चकचकीत झाली.

पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगले. टाइल काही फुगत नाही. त्या ओढाताणीत दोन टाइल्स तडकल्या, एकीची कड वर आली आणि तिला आईचा पाय अडखळला. पडताना तिने हात टेकला व मनगट मोडले. उतारवयात विरळ झालेल्या हाडांना एवढा धक्का पुरतो. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. निदानाआधी औषध नको, असे रुग्णांना सांगणारा मी स्वतःच्या घरी तेच विसरलो होतो.

दुसऱ्या वेळी आधी सुतार आला. मी छाती तपासतो तशी त्याने एकेक फळी ठोकून पाहिली. पोकळ आवाज आला तिथे वाळवी निघाली. कुजलेल्या फळ्या बदलल्या, सैल फळ्या तुळयांना स्क्रूने आवळल्या. भाराखाली तुळई लांबीच्या १/३६० हून अधिक वाकू नये, असा संकेत आहे. १२ फुटांच्या तुळईला जेमतेम १ सेंटिमीटर. आमची अधिक वाकत होती, म्हणून मधे आधार दिला. वर जलरोधक प्लाय, त्यावर सिमेंट बोर्ड आणि लवचीक अ‍ॅडेसिव्हने टाइल्स बसवल्या. लाकडाला हलायला जागा हवी म्हणून भिंतीलगत पाव इंच फट ठेवली. पहिल्या वेळचा दोन इंची सिमेंट-वाळूचा थर काढून टाकला. १० बाय १२ फुटांच्या खोलीत त्याचे वजन टनाहून अधिक भरते. जुन्या माडीवर असा भार टाकण्याआधी अभियंत्याला जरूर दाखवावे.

डॉक्टर म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. टाइल कोरडी कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. वर्षानुवर्षे ती श्वासात गेली तर फुप्फुसे कायमची निकामी होतात. कारागिराला पाणी सोडून कापायला सांगा, चांगला मास्क द्या. त्या काळात मुले व दमेकरी यांना दूर ठेवा. आणि वृद्धांच्या खोलीत गुळगुळीत टाइल नको, खरखरीत पृष्ठभागाचीच निवडा.

आई आता पुन्हा माडीवर राहते. मात्र दारातून आत येताना ती अजूनही आधी पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपते. ते पाहिले की मी मान खाली घालतो.