दुसरी फळी

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत खेळाचा विषय निघाला की गाडी होळकर संघापाशी येऊन थांबते. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत रणजी करंडकाच्या दहा अंतिम लढती आणि चार विजेतेपदे, हा हिशेब छत्रीबागेतील आमच्या वडीलधाऱ्यांना पाढ्यासारखा पाठ असे. १९४५-४६च्या अंतिम सामन्यात कर्नल सी. के. नायडूंनी बडोद्याविरुद्ध काढलेल्या दोनशे धावा, त्याही वयाच्या पन्नाशीत, हे तर आमच्याकडचे पुराणच. ते वैभव खरे होते. परंतु ते राजाश्रयाचे वैभव होते. सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला जो खेळ आला, तो महाविद्यालयाच्या धुळीच्या मैदानावर आला.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही महाविद्यालयात होतो. खो-खोच्या संघात बारा गडी असतात; नऊ मैदानात, तीन राखीव. त्या बारांत आमचे स्थान साधारणतः अकरावे. तरीही सरावाला दांडी मारणे आम्हांस कधी सुचले नाही. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. सगळा डाव डोळ्यांसमोर चाललेला असतो, गडी हाताच्या अंतरावरून निसटतो, पण 'खो' मिळाल्यावाचून उठता येत नाही. (पुढे शासकीय सेवेत या बैठकीचा फार उपयोग झाला, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे.) आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हरलो की परतताना कोणी बोलत नसे. त्या पराजयाची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत होत नव्हती, म्हणूनच कदाचित तो इतका आपला वाटे.

या संदर्भात आम्हांस होळकर संघातील चंदू सरवटे आठवतात. कायद्याचे पदवीधर, व्यवसायाने अंगुलिमुद्रातज्ज्ञ. १९४६च्या दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध ते दहाव्या आणि शुटे बॅनर्जी अकराव्या क्रमांकावर खेळावयास आले. दोघांनीही शतके झळकावली आणि शेवटच्या जोडीने २४९ धावांची भर घातली. अकराव्या क्रमांकालाही मैदानात उतरण्याचा हक्क असतो, तेव्हाच असे काही घडू शकते.

हा हक्कच आता आक्रसत चालला आहे. विक्रम पुरस्कार मिळवणाऱ्या खेळाडूंना मध्य प्रदेश शासन नोकरी देते. धोरण उत्तमच, पण ते मूठभर विजेत्यांसाठी. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नसावी असे म्हटले. हेतूविषयी आमची तक्रार नाही. मात्र खेळाला श्रेयांक जोडले की विद्यार्थी आधी श्रेयांक मोजतो आणि पालक प्रमाणपत्र विचारतात. ज्याला यांपैकी काहीच मिळण्याची शक्यता नाही, त्याने संध्याकाळी मैदानावर का यावे, याचे उत्तर त्या हिशेबात सापडत नाही.

आमची नात सध्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीही खो-खो खेळते, तीही राखीव गड्यांत. गेल्या हिवाळ्यात तिची अंतर्गत परीक्षा आणि स्पर्धा एकाच दिवशी आली. परीक्षा पुन्हा घेण्याची सवलत फक्त मैदानात उतरणाऱ्या नऊ जणींना मिळेल, राखीव तिघींना नाही, असे महाविद्यालयाने कळवले. घरात दोन दिवस वादविवाद झाला. तिच्या वडिलांचे म्हणणे रास्त होते: जिला खेळवणारच नाहीत, तिने गुण का गमवावेत? आम्ही विचारले, नऊपैकी एकीचा पाय मुरगळला तर? त्यावर कोणी काही बोलले नाही.

ती गेली. दिवसभर राखीव गड्यांत बसून राहिली आणि संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. रात्री घरी आली तेव्हा गुडघ्यांना मातीचा कणही नव्हता. घसा मात्र ओरडून ओरडून पार बसला होता.