गाळणीला न सापडणारे मीठ

खाडीकाठी राहणाऱ्या आम्हां वसई-भाईंदरकडच्या लोकांना मिठागर नवे नाही. शाळेत वाळू आणि मीठ यांचे मिश्रण वेगळे करण्याचा प्रयोगही आपण सर्वांनी केलेला असतो. तरीही त्या प्रयोगाचे आणि खाडीपलीकडच्या पांढऱ्या ढिगांचे नाते क्वचितच कुणाच्या ध्यानी येते. मिश्रण पाण्यात ढवळून गाळणकागदातून गाळले की वाळू वर राहते आणि मीठ पाण्याबरोबर निघून जाते. विरघळलेले मीठ गाळणीला सापडत नाही. ते हवे असेल तर पाणीच काढून घ्यावे लागते.

सोरा गरम पाण्यात विरघळवून थंड केला की भरपूर स्फटिक पडतात. मिठाचे तसे नाही. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंशांना सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि उकळत्या पाण्यात जेमतेम ३९. म्हणून ऊन आणि वारा यांवाचून गत्यंतर नाही.

मिठागरात भरतीचे पाणी आधी बांधाआड स्थिर ठेवतात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग ते उथळ खाचरांतून फिरवीत दाट करतात. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी आपले मीठ सुमारे २७ ग्रॅम. पाणी आटून पाचव्या हिश्शावर आले की जिप्सम खाली बसू लागते. मीठ धरते ते दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे जिप्सम मागच्या खाचरात ठेवून पाणी पुढे न्यायचे. मॅग्नेशियमचे कडू क्षार मात्र अखेरपर्यंत द्रवातच राहतात. ते पाणी पुरते आटण्यापूर्वीच सोडून द्यावे लागते, नाहीतर सारे मीठ कडू! प्रयोगशाळेतील बशी कोरडी होईपर्यंत तापवणाऱ्या विद्यार्थ्याला हे कुणी सांगत नाही. ओढलेले मीठ धुतात तेही मिठाच्याच दाट पाण्यात, कारण साध्या पाण्यात ते विरघळून जाईल. पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटते, ते मुख्यतः त्यात राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे.

मुलुंड, भांडुप आणि कांजूर येथील सुमारे २५५ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी मिळवण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. घरे हवीतच, याविषयी आमचा वाद नाही. परंतु आपल्या मुलांना एखादे चालू मिठागर एप्रिलच्या उन्हात एकदा दाखवून आणावे, असे आम्हांला वाटते. टोपी न्यावी, बांधावर सावली नसते.