कान्हेरीच्या भिंतीवर

आमच्या अंधेरीच्या चाळीतली मुले सुट्टी लागली की मामाच्या गावाला जात. आमचा मामा समोरच्याच चाळीत राहत असे. त्यामुळे मामाच्या गावाला जायचे म्हणजे रस्ता ओलांडायचा, एवढाच प्रवास आम्हां दोघा भावांच्या कपाळी लिहिलेला होता. या अन्यायाची भरपाई दादाने आपल्या पद्धतीने केली. दर सुट्टीत एक लेणे पाहायचे, असा त्याने नियमच करून टाकला.

वेरूळ-अजिंठ्याचे नाव काढण्याची आमची ऐपत नव्हती. पण उपनगरात राहणाऱ्या माणसाला लेण्यांसाठी लांब जावे लागत नाही, हे दादाने कुठून तरी शोधून काढले होते. पहिल्या खेपेला आम्ही पायी पायी कोंडिविट्याला गेलो. लोक त्यांना महाकालीची लेणी म्हणतात. मग जोगेश्वरी. तिथल्या अंधाराला आणि ओलीला मी इतका भ्यालो, की देवीला नमस्कार केला तो बाहेर येऊन. त्यानंतर बोरिवलीचे मंडपेश्वर. हे मूळचे शंकराचे लेणे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात त्याचे चर्च केले आणि डोक्यावर मठ बांधला. खाली नटराज नाचतो आहे आणि वर मठाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत, असे ते दृश्य. "बिऱ्हाडं बदलली, जागा तीच," दादा म्हणाला. चाळीत वाढलेल्या मुलाला इतिहास असाच कळायचा.

कान्हेरीची पाळी आली १९६१ च्या दिवाळीत. मी बारा वर्षांचा, दादा सतरा. भाऊबीज आटोपली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही बोरिवलीला उतरलो. बरोबर एका डब्यात चिवडा आणि करंज्या, आणि आईचा फिरकीचा तांब्या. "तांब्या हरवलात तर घरी येऊ नका," एवढाच उपदेश करून आईने आम्हांला सोडले होते. स्टेशनापासून लेण्यांपर्यंत दोन-अडीच तासांची चाल. स्टेशन मागे पडले की तेव्हा भातखाचरे लागत, मग झाडी सुरू होई. साग, बांबूची बेटे, आणि उतारावर माणसापेक्षा उंच वाढलेली कारवी. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली या डोंगरात ती फुलली, तेव्हा सारा उतार जांभळा झालेला मी पाहिला. दादाला ते कधी पाहायला मिळाले नाही.

वाटेत दादाने भुयाराची गोष्ट सांगितली. कान्हेरीतून एक भुयार निघते आणि ते थेट खंबायतला पोहोचते, अशी दंतकथा पोर्तुगीजांच्या काळात लिहून ठेवलेली आहे. एक पाद्री शिदोरी घेऊन आत शिरला, सात दिवस चालला आणि हात हलवत परत आला म्हणे. हे मी पुष्कळ पुढे वाचले. दादाचे भुयार आमच्या चाळीच्या नळापाशी निघत होते.

कान्हेरीला एका डोंगरात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे तिथे बौद्ध भिक्षूंचा राबता होता. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह फार मोठे. त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या तीन-चार पुरुष उंचीच्या मूर्ती उभ्या आहेत. पण बारा वर्षांच्या मुलाला मूर्तींपेक्षा पाण्याचे कौतुक. लेण्यालेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले टाके आणि डोंगराच्या अंगावरून त्यात पाऊस आणून सोडणाऱ्या पन्हळी! चाळीच्या एका नळावर भांडणे ऐकत वाढलेल्या आम्हांला तो चमत्कारच वाटला. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने एक पोढी खोदवून दिली आणि आपले नाव कोरून ठेवले. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनीही दाने दिली. नावे राहिली, पण त्यांच्या शेजारी पाणीही राहिले.

अकराव्या लेण्यात दोन लांबलचक दगडी बाक आहेत, बुटके, समोरासमोर. भिक्षू तिथे बसून काय करीत हे पंडितांनी ठरवावे. आम्ही ती पंगत आहे असे ठरवले आणि करंज्या संपवल्या.

मग आम्ही ते केले. वरच्या अंगाला असलेल्या एका लहानशा लेण्यात, दारातून आत गेल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर, दादाने खिशातून खिळा काढला. खिळा आला म्हणजे बेत आधीचाच होता. दगड चांगलाच कठीण. अर्धा तास खरवडून आम्हां दोघांची आद्याक्षरे आणि खाली १९६१ एवढेच जमले. दादाचा ९ नेहमी पेंगुळलेला असे, मान टाकल्यासारखा. तो तिथेही तसाच उतरला. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा १९५८ सालचा, म्हणजे आम्ही गुन्हा केला तो कायदा झाल्यावर. आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. तेव्हा आम्हांला भीती होती ती फक्त आईची, आणि तांब्या शाबूत होता.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सांगण्यासारखे नाही. वडील गेल्यावर चाळीतल्या दोन खोल्यांवरून आम्हां भावांत बिनसले. नऊ वर्षे आम्ही बोललो नाही. त्या रागाच्या भरात मी त्याची जुनी पत्रे, पोस्टकार्डेसुद्धा, फाडून टाकली. नंतर एका लग्नात बोललो, पण ते "जेवलास का" आणि "गाडी कितीची" एवढेच. तीन पावसाळ्यांपूर्वी दादा गेला. त्याचे फोटो घरात आहेत. त्याचे अक्षर मात्र माझ्यापाशी कुठेच नाही. दिवस झाल्यावर एका रात्री जाग आली आणि ती भिंत आठवली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन कान्हेरीला गेलो. तिला सहल म्हणून सांगितले. आता रस्ता डांबरी आहे, आतपर्यंत बस जाते, तिकीट पडते. माकडे मात्र तेव्हासारखीच निर्लज्ज. नात अकरा वर्षांची आहे आणि तिला शाळेत पर्यावरण शिकवतात, त्यामुळे तिच्याबरोबर हिंडताना माणसाला जपून राहावे लागते.

तिला मी नव्वदाव्या लेण्याची हकीगत सांगितली. तिथे पहलवी लिपीतले लेख कोरलेले आहेत, झरतुष्ट्राच्या धर्माच्या लोकांनी कोरलेले. दोन १००९ सालचे, एक १०२१ चा. त्यांत लेणी खोदल्याचे नाही, दानाचे नाही. यज्दगर्द राजाच्या शकाप्रमाणे अमक्या दिवशी, अमक्याचा मुलगा अमका असे आम्ही इथे आलो होतो, एवढेच. आपल्या हिशेबाने ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे हेच दिवस. आगगाडीच्या कंपनीत एंजिनियर असलेल्या वेस्टसाहेबाने एकोणिसाव्या शतकात ते वाचून छापले, आणि तेव्हापासून विद्वान ते मोठ्या आदराने वाचतात.

"म्हणजे ते सहलीला आले होते?" नात म्हणाली.

"तसंच काहीतरी."

मग मी माझे लेणे शोधू लागलो. चौसष्ट वर्षांत ते हललेले नसणार, पण माझी आठवण हलली होती. एकासारखी एक तीन लेणी निघाली. भिंतींवर नावांची दाटी: बाण घुसलेले बदाम, कुणाच्या शाळेची तुकडी, कुणाची कायमची प्रीती. नात प्रत्येक नावापाशी थांबून "शी!" म्हणत होती. तिच्या प्रत्येक "शी" ला मी मान डोलावत होतो.

तिसऱ्या लेण्यात, डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर एक १ आणि एक ९ दिसला. आधीच्या अक्षरांचा आणि पुढच्या आकड्यांचा पापुद्राच निघून गेला होता. नऊने मान टाकली होती. की तसे मला दिसावे असे वाटत होते? मी त्याच्या खाचेतून अंगठा फिरवला.

"आजोबा, हात लावू नका!"

तेव्हा मी तिला सांगून टाकले. खिळा, अर्धा तास, दादा, सगळे. पत्रे फाडल्याचेही. ती माझ्याकडे पाहत राहिली. चोराला इतक्या जवळून तिने पूर्वी पाहिले नसावे.

"कुणी पकडलं नाही तुम्हांला?"

"नाही."

"आणि त्या हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ती खाली बसली आणि बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली.

"हा मोठ्या आजोबांचाच नऊ आहे का नक्की?"

"असावा," मी म्हणालो.

तिने माझ्या खिशातून मोबाइल काढला, फोटो घेतला आणि तिथल्या तिथे आपल्या आईला पाठवून दिला. खाली लिहिले, "आजोबांचा गुन्हा." फोटो माझ्याकडे राहू दे एवढे मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतले.

मग आम्ही खाली पंगतीच्या बाकावर जाऊन करंज्या खाल्ल्या. करंजीचा पडलेला चुरासुद्धा तिने रुमालात गोळा केला. परतीची बस उभी होती म्हणून घाईने निघालो. बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि आईचा फिरकीचा तांब्या वरच राहिल्याचे लक्षात आले. कंडक्टरला हात करून आम्ही दोघे पायऱ्या चढत धावलो. धावली ती, मी चढलो. तांब्या बाकावर होता तसाच होता. शेजारी एक माकड बसले होते आणि मोठ्या चिकाटीने ते फिरकी उलट्या बाजूने फिरवीत होते.