तात्यांचे खडे

आमचे तात्या, म्हणजे धाकटे चुलते, अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात मोसंबीचे जाणकार. झाडाला डिंक्या लागलाय हे ते बांधावरूनच सांगत. पण आकडा त्यांच्या डोक्यात टिकत नसे. ‘त्रेपन्न’ म्हटलं की ते पस्तीस लिहीत. सव्वातीन आणि पावणेतीन यांतला फरक त्यांना कधी उमगलाच नाही. पाढ्यांपायी मार खाऊन चौथीतच त्यांची शाळा सुटली. गाव म्हणायचं, “मानूस चांगलाय, पन डोकं न्हाई.”

आईला हे पटत नसे. ती स्वतः निरक्षर, पण दिराशी बोलायची तिची रीत वेगळी. त्रेपन्न रुपये द्यायचे असले तर म्हणायची, “भावजी, दहाच्या पाच नोटा, अन् वर तीन रुपये.” ‘अडीच वाजता या’ असं ती कधी म्हणाली नाही, “अंबडची यष्टी गेली की या,” म्हणायची. मोसंबी मोजताना पाच-पाचाचे ढीग. वीस ढीग झाले की एक खडा बाजूला. खडे मोजले की किती शेकडे झाले ते कळायचं.

2012-13च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. टँकरच्या पाण्यावर आमची थोडी झाडं तगली. पुढच्या बहाराचा सौदा ठरला एक लाख वीस हजारांना. आईनं आदल्या रात्री तात्यांच्या खिशात बारा खडे घातले. दहा हजारांच्या गड्डीला एक खडा. व्यापारी भरभर आकडे बोलत पैसे देऊ लागला. तात्या म्हणाले, “थांबा. एकेक गड्डी बाजेवर ठिवा.”

“तात्या, एवढंबी कळंना व्हय?”

“कळतंय. मला असंच कळतं.”

अकरा गड्ड्या झाल्या. एक खडा उरला. तात्यांनी तो बाजेवर ठेवला आणि गप्प बसले. बारावी गड्डी पिशवीतून निघाली.

या अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं, तेही भावाच्या नातीची शहरात तपासणी झाली तेव्हा. बुद्धी शाबूत असते, फक्त आकड्यांशी गाठ बसत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अडचणीचं नाव आहे.

आपल्या मराठीत तर आकडा बोलायचा उलटा आणि लिहायचा सुलटा. त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतात, लिहिताना पाच आधी. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर पोरांची अडचण समजावून सांगत होत्या. ते पुस्तक सगळ्याच लेकरांसाठी होतं. पण मला आठवली ती आई.

अशा माणसाशी बोलायला काही मोठं शिकावं लागत नाही. फोन नंबर एकेक अंक करून सांगावा. रक्कम तोंडी सांगितली तरी कागदावर लिहून द्यावी. वेळेला एखादी खूण जोडावी. उत्तराची घाई करू नये, आणि चारचौघांत ‘सांग बरं किती?’ तर मुळीच विचारू नये.

तात्या आता नाहीत. नात सातवीत आहे. गेल्या दिवाळीत ती गावी आली होती. सामान आणायला गेली, तेव्हा सुटे परत देणाऱ्या दुकानदाराला म्हणाली, “काका, एकेक नोट ठेवून सांगा. मला तसं कळतं.” आवाजात लाज नव्हती. तात्यांना हे म्हणायला पन्नाशी ओलांडावी लागली होती.