आधी बार कुणाचा?

‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांचा सर्वांत चिवट वाद गुत्त्यातल्या एका टेबलाशी सुरू होतो. तस्कर हान सोलोसमोर सुपारीबाज ग्रीडो पिस्तूल रोखून बसला आहे. हान त्याला बोलण्यात गुंतवतो आणि टेबलाखाली हळूच आपलं हत्यार काढतो. 1977च्या चित्रपटात इथे एकच बार होतो, धूर उठतो, ग्रीडो टेबलावर कोसळतो. जाता जाता हान गुत्तेवाल्याकडे नाणं फेकतो. 1997च्या विशेष आवृत्तीत मात्र ग्रीडो आधी झाडतो आणि हातभर अंतरावरून त्याचा नेम चुकतो. 2004च्या डीव्हीडीत दोघांचे बार जवळजवळ एकदम होतात. 2019मध्ये ग्रीडोच्या तोंडी एक नवा शब्दही आला.

हा बदल किरकोळ नाही. शेवटच्या लढाईत नायक ल्यूकच्या मदतीला परतणारा हान मोठा वाटतो तो आधीच्या स्वार्थी, थंड डोक्याच्या हानमुळेच. तो आधी निर्दोष ठरवला की पुढच्या परतण्याचं मोल उतरतं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं म्हणतात. या म्हणीत ऋषीची अब्रू राखली जाते. नदीला तशी गरज नसते. मूळ क्षुल्लक निघालं तरी खालचं पात्र आटत नाही. पण म्हण गृहीत धरते की मूळ जागच्या जागी राहील, फक्त कुणी तिथवर जाऊ नये. इथे उलट झालं. खुद्द ऋषीच, म्हणजे दिग्दर्शक जॉर्ज लुकास, उगमाशी गेला आणि त्याने तो नव्याने बांधला. हाच लुकास 1988मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग देण्याविरुद्ध कळकळीने बोलला होता. मात्र तो बोलत होता परक्यांनी केलेल्या फेरफारांबद्दल. कर्त्याचा हात तरी परका म्हणावा का? आपला चित्रपट मनासारखा पुरा झाला नव्हता, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटं मानायला आधार नाही.

शिवाय ते मूळ तरी एक होतं का? 1977मध्येच स्टिरिओ आणि मोनो प्रतींचे ध्वनिमिश्रण वेगळं होतं. मोनोत ल्यूकच्या काकूचा, बेरूचा, आवाजसुद्धा निराळा आहे. ‘एपिसोड 4’ हे उपशीर्षक तर 1981च्या पुनर्प्रदर्शनात जोडलं गेलं. जुन्या 35 मिमी प्रती मिळवून चाहत्यांनी कष्टाने ‘4के77’ नावाची प्रत तयार केली. त्यांचं प्रेम निर्विवाद आहे. पण बेरूचा कोणता आवाज खरा धरायचा, हा प्रश्न त्या प्रतीनेही मिटत नाही.

जून 2025मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लंडनच्या महोत्सवात आपल्या संग्रहातली 1977ची टेक्निकलर प्रत पडद्यावर दाखवली. तीत हानच आधी झाडतो.